फडक्यात गुंडाळलेली हातोडी

आमच्या शेजारच्या वहिनींना सगळी गल्ली मधवाल्या वहिनी म्हणते. लग्न होईपर्यंत त्यांनी मध चाखला होता तो फक्त खोकल्याच्या औषधातून. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात डोळ्याखाली मधमाशी चावली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चला, आता घरची झालीस." पुढे सगळा जन्म माश्यांतच गेला. फळबागा फुलल्या की मधमाश्यांच्या पेट्या ट्रेलरवर चढवायच्या, ट्रेलर जीपला जोडायचा आणि या बागेतून त्या बागेत मुक्काम हलवत राहायचं.

"लग्न माझ्याशी केलं आणि संसार माश्यांशी थाटला," असं त्या नवऱ्याच्या, म्हणजे भाऊंच्या, तोंडावर म्हणायच्या.

"त्या निदान एकदाच चावतात," भाऊ शांतपणे उत्तर द्यायचे.

मग भाऊंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, शब्द तोंडातल्या तोंडात अडकू लागले. वहिनींनी एक हंगाम एकटीने रेटला. पण भरलेली पेटी उचलायला दोन माणसं लागतात, आणि भाऊंना कुशीवर वळवायला घरात कुणीतरी लागतंच. शेवटी यंदा त्यांनी पेट्या विकून टाकल्या. भाऊंना मात्र सांगितलं की, त्या बागवाल्याकडे ठेवल्यात, फुलोरा चांगला आहे.

खोटं बोलायला कारण होतं. "यंदा मी येणार बागेत," या एका जिद्दीवर भाऊ रोज सकाळी डाव्या हाताने पलंगाचा कठडा धरून उभे राहत होते. घामाने सदरा भिजायचा, पाय लटपटायचे, तरी उभे राहायचे. "पेट्या गेल्या हे कळलं ना ताई, तर हा माणूस परत उठायचा नाही," वहिनी मला म्हणाल्या होत्या. आणि मग रोज चहाबरोबर त्यांना माश्यांची खबर द्यायच्या. अमक्या पेटीत राणी नवी आहे, तमक्या पेटीला मुंग्या लागल्या होत्या, पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. सगळं मनचं.

पेट्या घेणाऱ्यानेच ट्रेलरही घेतला. रविवारी न्यायला येणार होता. त्याची एकच अट होती, जोडणीचा दांडा सोबत हवा, तोही अख्खा. जीपच्या मागे एक चौकोनी नळी असते, तिच्यात हा लोखंडी दांडा सरकवून आडवी पिन घालतात, आणि दांड्याच्या टोकावरच्या गोळ्यावर ट्रेलर बसतो. हंगाम संपला की भाऊ दांडा बाहेर काढून, ग्रीस फासून माळ्यावर ठेवत. ते आजारी पडल्यापासून दांडा नळीतच राहिला होता आणि आत गंजून चिकटून बसला होता.

गॅरेजवाला येऊन बघून गेला. "वहिनी, हा आता नळीचा घरजावई झालाय. गॅसने कापू का?"

"कापायचा नाही. आणि जोरात ठोकायचाही नाही. आत ऐकू जातं."

"मग काय विनंती अर्ज करू त्याला?" तो हसला. वहिनी हसल्या नाहीत. तो गंज सोडवणाऱ्या तेलाचा डबा ठेवून गेला.

वहिनी रोज तेल सोडत राहिल्या. पिन तेवढी निघाली. दांड्याला साखळी बांधून झाडाला अडकवली आणि जीप हळूच पुढे घेऊन पाहिली. झाडाची साल निघाली, दांडा जागचा हलला नाही. शनिवारी त्या माझ्याकडे आल्या. "ताई, तुम्ही त्यांच्याजवळ बसून मोठ्याने पेपर वाचा. मी हातोडीला फडकं गुंडाळते."

मी वाचत बसले. अग्रलेख संपला, क्रीडा पान संपलं, शेवटी घरं भाड्याने देण्याच्या जाहिरातीसुद्धा खड्या आवाजात वाचल्या. मागच्या अंगणातून ठप्, ठप् असा दबका आवाज येतच होता. भाऊ छताकडे बघत होते. दोन खोल्यांच्या जाहिरातीपाशी त्यांनी डावा हात वर केला.

"थांबा," ते म्हणाले. "तिला... बोलवा."

वहिनी आल्या. हाताला तांबडा गंज, कपाळावर तेलाचा डाग. दारातच उभ्या राहिल्या.

"दांडा काढतेस?"

वहिनींनी हात पदराला पुसले.

"भर फुलोऱ्यात?" भाऊंनी विचारलं. त्यांना उत्तर ठाऊक झालं होतं. मग म्हणाले, "ओढू नको. आधी... आत मार. गंज तुटेल. मग बाहेर."

"अहो..."

"फडकं काढ. जोर लागत नाही त्याने."

वहिनी गेल्या. मी पेपर घडी घालून मांडीवर ठेवला. या वेळचे घाव मोकळे, लोखंडावर लोखंडाचे होते. घराच्या खिडक्या हादरत होत्या. प्रत्येक घावाला भाऊंच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर मिटत होती. मग एकदम आवाज बदलला, पोकळ झाला.

"सुटला," भाऊ म्हणाले.

वहिनी बराच वेळ आत आल्या नाहीत. आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"पेट्या कधी दिल्यास?"

"महिना झाला."

"मग रोज चहाबरोबर ती खबर..." भाऊ म्हणाले. "घेणारा माणूस कसा आहे?"

"बरा आहे. हळू बोलतो. पेटी उघडतानाही घाई करत नाही."

भाऊंनी मान हलवली.

रविवारी तो माणूस येऊन ट्रेलर घेऊन गेला. दांडा वहिनींनी घासून, ग्रीस लावून दिला. दर वर्षी काढायचा, हे त्याला दोनदा बजावलं.

सोमवारी मी सकाळी भाजी द्यायला गेले, तेव्हा उठायची वेळ झाली होती. वहिनी कठड्याजवळ उभ्या होत्या.

"उठताय ना?"

"कशाला?" भाऊंनी विचारलं. त्यात राग नव्हता, खरंच विचारत होते.

वहिनींनी आजवर त्यांना इतकी उत्तरं रचून दिली होती, हे मात्र रचलेलं नव्हतं. "मला तुम्हाला एकटीने उचलवत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही कठडा धरा, मी कंबर धरते."

भाऊंचे डोळे भरून आले, ते त्यांनी पुसले नाहीत.

"उद्या," ते म्हणाले आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"बरं, उद्या," वहिनी म्हणाल्या आणि त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट करू लागल्या.