काखेतल्या आडव्या रेघा

५ एप्रिल, शनिवार. आजचं काम: काखेखालच्या एका तुकड्यासाठी पुरावा शोधणे.

इंग्लंडमधल्या रीजन्सी काळातल्यासारखा, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या धाटणीचा, निळ्या उभ्या रेघांचा झगा मी शिवायला घेतला होता. पुढच्या शनिवारी आमच्या हौशी गटाबरोबर तो घालून मिरवायचं होतं. पण कापड संपलं. उरलेला तुकडा काखेखाली नेमका बसत होता, फक्त रेघा आडव्या येत होत्या. गटाचा नियम कडक: जुना पुरावा नसेल तर चालणार नाही. जुनी चित्रं धुंडाळली, तर सगळ्या बायका हात खाली सोडून उभ्या. एकीने काख दाखवली असेल तर शपथ!

शेवटी घरून, श्रूजबरीहून, ड्राइव्ह करून एका छोट्या संग्रहालयात गेले. टेबलावर त्या काळातला खरा झगा बाह्या पसरून ठेवला होता आणि त्याचा अभ्यास करत एक उंच, पांढऱ्या केसांची बाई त्यावर वाकली होती. चुकूनही स्पर्श होऊ नये म्हणून तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. दाखवायचं ते सगळं हनुवटीने. मी माझी अडचण सांगितली. तिने हनुवटी बाहीखाली नेली आणि खो खो हसली.

"ओ हनी, हा झगा जिचा होता, तिलाही कापड कमी पडलं होतं!"

उभ्या रेघांत आडवा तुकडा, बिनदिक्कत जोडलेला.

"तिने लपवलं असेल असं वाटतं तुला?" ती म्हणाली. "छे! हात वर करून नाचली असेल."

मी परवानगी घेऊन फोटो काढला. तिचं नाव विचारलं नाही. माझं काम झालं होतं, तिचं अजून चाललं होतं.

६ एप्रिल, रविवार. सकाळी तुकडा जोडला, झगा अंगात चढवला आणि गटाला दोन फोटो पाठवले. एक संग्रहालयातला, दुसरा माझा, दोन्ही हात वर केलेला.