इंजिन बंद ठेवून आर्वीपर्यंत

यंत्रालाही भूक, लाज आणि थकवा असतो असं छातीठोकपणे मानणारा माणूस साऱ्या महाराष्ट्रात एकच आहे, आणि माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न नेमकं त्याच्याशीच झालं. आमचे हे भाऊजी बोरगाव मेघेत ड्रायव्हिंग स्कूल चालवत. चढावर गाडी धापा टाकू लागली की शिकणाऱ्याला ती बाजूला घ्यायला लावत आणि "दम खाऊ दे तिले" म्हणत स्वतः खाली उतरत. भर चौकात गाडी बंद पडली तर आधी बघ्यांना पांगवत. चारचौघांत तिची शोभा नको. एकदा बँकेतल्या एका मॅडमनी गिअर करकरवला, तर त्यांना बॉनेटवर हात ठेवून माफी मागायला लावली. मॅडमनी मागितलीही. भाऊजींचा चेहराच असा गंभीर, की समोरच्याला वाटावं, चुकलं बुवा आपलं.

शिकवण्याची तऱ्हा तर त्याहून न्यारी. पहिले काही दिवस गाडी सुरूच करायची नाही. याला ते 'कोरडी गाडी' म्हणत. शिकणाऱ्याने स्टिअरिंग धरून बसायचं आणि भाऊजींनी शेजारी बसून सगळा रस्ता तोंडाने उभा करायचा. एसटीचा हॉर्न, बकऱ्यांचा कळप, कापसाच्या गाड्यांची रांग, फोनवर बोलत आडवा येणारा इसम, सगळे एकाच घशातून निघत. मीही त्यांचाच चेला. पहिल्याच दिवशी अल्लीपूरच्या वाटेवर, म्हणजे त्यांच्या अंगणात, मी एका म्हातारीला उडवलं. त्यावरून त्यांनी माझ्याशी अबोला धरला. ताई म्हणाली, "अजी, बोला ना त्याच्यासंग. म्हातारी होती कुठं तिथं?" तर म्हणतात, "नव्हती म्हनून तं वाचली!"

आणि पोळा! आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून जेवणाचं आमंत्रण देतात. भाऊजींकडे बैल कधीच नव्हते, पण शाळेच्या दोन गाड्या होत्या. ते संध्याकाळी वाटी घेऊन बसत, दोन्ही बॉनेटं निगुतीने चोळत आणि हळूच सांगत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी गाड्यांवर झूल, आरशांना बेगड, पुढे पुरणपोळीचं ताट. त्या दिवशी चावी फिरवायची नाही म्हणजे नाही. ताईचे पाहुणे स्टेशनवर ताटकळत राहिले तरी नाही.

मागच्या वर्षी शिकवणाऱ्यांनाच तपासायची टूम निघाली. बाहेरचे साहेब येऊन जागा, गाड्या, शिकवणं असं सगळं पाहणार. पसंत पडलं तर मान्यता, नाही तर शाळेला कुलूप. भाऊजींना उभ्या जन्मात दुसरं काही आलेलं नाही, त्यामुळे ताईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. भाऊजी मात्र निवांत. "मले कोन नापास करते?" एवढंच.

साहेब आले पुण्याहून, आणि आले ते नेमके पोळ्याच्या दिवशी. त्यांच्या लेखी तो एक साधा कामाचा दिवस. झूल पांघरलेल्या गाडीकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग बॉनेटला बोट लावून त्याचा वास घेतला.

"हे काय आहे?"

"तूप हाये साहेब. घरचं."

"बरं. प्रत्यक्ष शिकवून दाखवा. गाडी काढा."

"आज नाई निघत. आज बैलाच्या मानेवर जू नाई ठेवत, मंग हिनं काय पाप केलं?"

मी भाऊजींना कोपऱ्यात ओढलं. हातापाया पडलो. म्हटलं, एक चक्कर मारा, उद्या दोन ताटं वाढा तिला. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ताईलाच विकायला काढलं होतं. "साळेबुवा, आवतन देल्लं हाये मी तिले," ते म्हणाले, आणि सरळ जाऊन साहेबांसाठी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. "बसा साहेब. तुमालेच शिकवतो. आर्वीले जाऊन येऊ."

साहेब बसले. का बसले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आधी ते नुसते हसत होते. मग भाऊजींच्या घशातून एसटी अंगावर आली आणि साहेबांनी गर्रकन स्टिअरिंग फिरवलं. बकऱ्यांपाशी घाम पुसला. पुढे एका दारुड्याला वाचवताना एवढ्या जोराने ब्रेक दाबला की आरशाचा बेगड निखळून पडला. "दिसत नाही का रे!" साहेब खिडकीतून ओरडले. समोर तुळशीला पाणी घालणारी ताई दचकून घरात पळाली.

आर्वीला पोचल्यावर साहेब उतरले, पाय मोकळे केले, पुरणपोळ्या जेवले आणि भाऊजींचा हात हातात घेऊन म्हणाले, "असं शिकवणं मी आजवर पाहिलं नाही." आम्हाला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

मान्यता नाकारली गेली. कारण काय, तर शाळेत ते यंत्र नाही. पडद्यावर रस्ता दिसतो, आतून हॉर्न वाजतात, आडवी माणसं येतात, आणि गाडी जागची न हलवता माणूस शिकतो, ते यंत्र. साहेबांनी फोन करून अगदी पडेल आवाजात सांगितलं, की नियमापुढे इलाज नाही. मला संताप संताप झाला. भाऊजी मात्र एवढंच म्हणाले, "त्यायचंही बराबर हाये. मी कुठं यंत्र हावो?"

शाळा बंद झाली. दोन्ही गाड्या गेल्या. ताईने फार रडून घेतलं. भाऊजींनी तिला समजावलं.

हल्ली कुठे जायचं असलं की ते माझ्या गाडीत डावीकडे बसतात. मला काही शिकवत नाहीत, खिडकीबाहेर पाहत राहतात. शाळेच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असे. माझ्या गाडीत तिथे नुसतं पायपुसणं आहे. पण वळण आलं, किंवा पुढे एखादी सायकल डगमगली, की त्यांचा उजवा पाय आपसूक त्या पायपुसण्यावर दाबला जातो. त्यांना ते कळत नाही. गरज असो नसो, त्या क्षणी मी इकडे माझा ब्रेक दाबतो. गाडी हळू होते, आणि भाऊजींचा पाय सैल पडतो.