खंडेनवमीचं इंजिन

माझ्या सासऱ्यांना मी बाबा म्हणायचे, आणि वडिलांवर चिडावं तशी त्यांच्यावर चिडायचेही. कमालीचा अबोल माणूस. संपाआधी लालबागच्या एका गिरणीत फिटर होते, कापड विणायचे साचे दुरुस्त करायचे. संप झाला, गिरणीने परत घेतलं नाही, आणि बाबांनी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली ती टाकलीच. मग गिरगावातल्या एका इमारतीत लिफ्टमन झाले. वीस वर्षं नुसतं वर आणि खाली. घरात मिक्सर बंद पडला तरी म्हणायचे, "बाहेर दे." मी म्हणायचे, "अहो, घरात फिटर बसलाय आणि मिक्सर बाहेर? लोक हसतील मला!" तर ते मिक्सर पिशवीत घालून दुकानाकडे निघायचे.

त्या लिफ्टने खोताच्या वाडीतले एक काका तिसऱ्या मजल्यावरच्या दवाखान्यात यायचे. त्यांच्या घरी टेबलभर आगगाडी मांडलेली होती. बोटभर उंचीची स्टेशनं, रूळ, सांधे, इंजिनं, सगळं हुबेहूब. एकदा बोलता बोलता त्यांनी बाबांना ती बघायला नेलं. त्या संध्याकाळी बाबा घरी आले आणि चहासुद्धा न घेता माळ्यावर चढले. मी भाकरी थापत होते, हात पिठात, तशीच बघत राहिले. पेटी खाली आली. पकड, पाने, बारके स्क्रू-ड्रायव्हर, एकेक करून रॉकेलने पुसून काढलं त्यांनी. मला इतका आनंद झाला की भाकरी करपली.

काकांच्या मुलीने परदेशातून डिकोडर पाठवले होते. डिकोडर म्हणजे नखाएवढी चिप. ती इंजिनात बसवायची आणि इंजिनाला एक नंबर द्यायचा. रिमोटवर तो नंबर दाबला की तेवढंच इंजिन चालतं, बाकीची उभी राहतात. कारखान्यातून येताना सगळ्यांचा नंबर तीनच असतो, तो बदलायचा असतो. काका म्हणाले, "एक इंजिन, चिप, हातभर रूळ आणि रिमोट घरी घेऊन जा. हे जमलं तर सगळी तुम्हीच करायची."

सोबतचं इंग्रजी पुस्तक वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी ऑफिसात टायपिंग करायचे, म्हणून घरातली इंजिनियर मी! वायरी बाबांनी जोडल्या. कथलाचा डाग देऊन वायर चिकटवताना श्वास रोखायचे आणि हात जागच्या जागी राहायचा. तीन नंबर दाबला आणि हातभर रुळावर इंजिन पुढे गेलं, मागे आलं. बाबा म्हणाले, "नंबर दसऱ्याला घालू. चांगला दिवस हाय."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरात संपानंतर हत्यारांची पूजाच झाली नव्हती. मी पाट मांडला, पेटीतली सगळी हत्यारं ओळीने ठेवली आणि मधोमध इंजिन. ओलं हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला, हौसेने अक्षताही टाकल्या. बाबा लांबून बघत होते. नंतर येऊन त्यांनी वाकून नमस्कार केला.

दसऱ्याला नंबर घालायला बसलो, तर रिमोट म्हणे इंजिनच नाही रुळावर! "डोळे फुटले का याचे?" मी म्हटलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी पुस्तक तीनदा वाचलं. नंबर वाचला जात नाही तर न वाचताच लिहू, म्हणून दहा वेळा मनाला येईल तो नवा नंबर लिहून पाहिला. बाबांनी रिमोटपासून रुळापर्यंतची वायर तपासली, रूळ घासले, इंजिन उघडून डाग पाहिले. हूं की चूं नाही. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली आणि दुपारपर्यंत रिमोटला, पुस्तकाला आणि ते छापणाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

चहा झाल्यावर बाबांनी इंजिन खोक्यात ठेवलं आणि हत्यारं पेटीत भरायला लागले.

"काय करताय?"

"परत देऊन येतो. चिप जळली माझ्या हातानं. आता नाय होणार माझ्याच्यानं हे काम."

त्यांनी पेटीची कडी लावली आणि स्टूल माळ्याखाली सरकवलं. ही पेटी आता वर गेली की पुन्हा खाली यायची नाही, हे मला कळत होतं. मी स्टुलावर बसकण मारली. "आधी मला सांगा, गिरणीत साचा बंद पडला की पहिलं काय करायचात?"

"पुसायचो. पुसल्याबिगर उघडायचा नाय."

"मग हे पुसलंत?"

"पुसलं की. वरनं, आतनं. चाकं तेवढी नाय."

"चाकं का नाही?"

बाबा अवघडले. "कुंकू हाय त्यांना. इतक्या वर्षांनी घरात पूजा झाली गो. तू एवढ्या हौसेनं लावलंस. कसा पुसू?"

मी खोक्यातून इंजिन काढून उलटं केलं. बारा चाकं, आणि बाराही चाकांच्या रुळाला टेकणाऱ्या कडेला माझ्या बोटाचा लाल थर, वाळून कडक झालेला. रुळातली वीज चाकातूनच आत जाते, हे मी स्वतः तीनदा वाचलेलं! दोन दिवस साऱ्या जगाला शिव्या घातल्या आणि घोळ माझाच. हसू आलं आणि रडूही आलं. "बाबा, तुम्ही पण ना! देव काय चाकाला चिकटून बसलाय?" म्हटलं, आणि स्पिरिटचा बोळा घेऊन मीच पुसायला बसले. बाबा एकेक चाक फिरवून देत होते.

रुळावर ठेवलं. रिमोटने नंबर वाचला, तीन. म्हणजे आम्ही लिहिलेलं काहीच आत गेलं नव्हतं, आणि चिप शाबूत होती. बाबांनी पेटीची कडी काढली.

"आता नवा कुठला घालू?" मी विचारलं. तुम्हाला आवडेल तो घाला, असं काकांनी सांगितलं होतं.

"सत्तावीस एकोणीस," बाबा लगेच म्हणाले.

"हा कसला नंबर?"

"माझा. गिरणीतला. बिल्ल्यावर होता."

मी चार आकडे घातले आणि रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी सावकाश नंबर दाबला. इंजिन हललं आणि रुळाच्या टोकापर्यंत गेलं. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"साचाखात्यात कुठला साचा बंद पडला की हा नंबर पुकारायचे, अन् मी हात वर करून धावायचो," ते म्हणाले. "संपानंतर कुणी पुकारलाच नाय गो."