धाकट्या जाऊने विषय बदलला

माझी धाकटी जाऊ इस्पितळात अतिदक्षता विभागात सिस्टर आहे. भेटीची वेळ संपली की नातेवाईक बाहेर, मग तो मोठ्या डॉक्टरांचा सासरा का असेना! पन्नाशीला आल्यावर बढतीसाठी पदवी हवी म्हणून तिने कॉलेजात नाव घातलं. प्रबंधाचा विषय ठरलेलाच होता : भेटीच्या वेळा कडक ठेवल्या की रुग्णाचं भलं होतं.

कॉलेजच्या ग्रंथालयात बसून तिने डेटाबेसमध्ये ‘नातेवाइकांमुळे संसर्ग’, ‘नातेवाइकांचा अडथळा’ असं शोधलं. हवे तसे लेख पटापट मिळाले. बाई खूश! ग्रंथपाल मागे उभ्या होत्या.

“सिस्टर, रुग्ण आला की आधी तपासता, की औषध ठरवून मोकळ्या होता?”

“हे काय विचारणं झालं?”

“मग इथे उत्तरच का टाइप करताय? ‘अडथळा’ काढा. नुसतं ‘भेटीच्या वेळा’ टाका. आणि तुम्हाला खोटं पाडणारे लेख मुद्दाम शोधा.”

नाक मुरडत तिने शोधले. जवळचं माणूस उशाशी असलं की रुग्ण कमी घाबरतो, असं सांगणारे लेख निघतच राहिले. त्यांतली खोट काढायची म्हणून तिने एकेक पुरता वाचला, त्यांच्या संदर्भांवरून आणखी जुने गाठले. काही खरंच कच्चे होते. पण सगळे काही मोडीत निघेनात.

घरी आली ती तोंड पाडून.

“वहिनी, विषय बदलायला हवा. प्रबंध तपासणारे सर म्हणतात, आता बदललात तर यंदाची परीक्षा गेली, बढतीही गेली. सोयीचे लेख तेवढे घ्या म्हणाले.”

“मग घे की! कोण बघतंय?”

“मी बघितलेत ना.”

बढती तिच्या हाताखाली शिकलेल्या मुलीला मिळाली. हिने मात्र नवा प्रबंध पुरा केला आणि वरिष्ठांच्या मागे लागून रुग्णाजवळ एका माणसाला बसायची परवानगी मिळवली.

मागच्या महिन्यात ऑपरेशननंतर आमचे हे तिच्याच विभागात होते. संध्याकाळी भेटीची वेळ संपली तशी मी सवयीने उठले.

“कुठे निघालात? बसा. भाऊजींचा हात धरा,” ती म्हणाली. “आणि ती पिशवी आधी पलंगावरून उचला!”