कोमोरी व्हॅलीत मिरची येते

चव्वेचाळीस वर्षांच्या बाईने मोबाइलवर शेती करावी, तीही अशा घरात जिथे मागचं दार उघडलं की खरी तीस एकर सुरू होते, यात हसण्यासारखं पुष्कळ आहे. रंजिता ते हसू लोकांवर सोडत नसे, आधी स्वतःच हसून घेई. "आमचे हे शेतात राबतात अन् मी गादीवर," असं ती पाहुण्यांना सांगे, "पण पीक माझंच चांगलं येतं."

शहाद्याच्या कॉलेजातून तिने वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं, तेही पहिल्या वर्गात. लग्न ठरताना या पदवीचं फार कौतुक झालं. त्यानंतरच्या एकवीस वर्षांत शेतीबद्दल तिचं मत घेतलं गेलं ते एकदाच. तुळस अंगणात कुठे ठेवायची, हे तिला विचारलं होतं. कोणत्या तुकड्यात मिरची, कोणत्यात पपई, हे आप्पा म्हणजे तिचे सासरे लोटनराव आणि नवरा हेमराज जेवताना ठरवत. ती वाढत असे.

कोमोरी व्हॅलीत तसं नव्हतं. कोमोरी व्हॅली हा जपानातल्या एका कंपनीचा शेतीचा गेम. तिथे डोंगराच्या कुशीत रंजिताचं शेत होतं, अकरा गाई होत्या, आणि मुळा लावायचा की भोपळा, हे ती कोणालाही न विचारता ठरवत असे. एकदा तिने सगळी स्ट्रॉबेरी करपवली, तरी जेवताना कोणी विषय काढला नाही. या एका सुखासाठी ती चार वर्षं तिथे रमली होती.

एकच उणीव होती. कोमोरीत मिरची नव्हती. सत्तावीस प्रकारचे कंद होते, पण मिरची नाही! नंदुरबारच्या सुनेला हे कसं सोसावं? महाराष्ट्रभरच्या खेळणाऱ्यांचा 'कोमोरीकर' नावाचा सोळाशे जणांचा ग्रुप होता. तिथे तिने हा प्रश्न इतक्यांदा मांडला, की सगळे तिला मिरचीताई म्हणू लागले. दोन वर्षांपूर्वी तिने थेट कंपनीला तीन पानी इंग्रजी पत्र लिहिलं. झाडावरच पिकून लाल झालेली मिरची तोडून मोकळ्या जमिनीवर कशी पसरतात, त्या पसरलेल्या लाल शेताला पथारी कसं म्हणतात, ती उलटीपालटी करून कशी परततात, सगळं लिहिलं. मिरचीचं शास्त्रीय नाव दोनदा घातलं, आपली पदवी वाया गेलेली नाही हे निदान जपानला तरी कळावं म्हणून. सोबत एक फोटो जोडला. उत्तर आलं, 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत.' ते यंत्राने पाठवलेलं उत्तर आहे हे तिला माहीत होतं. तरी तिने ते हेमराजला दाखवलं.

यंदा जानेवारीत कंपनीने नव्या गेमच्या घोषणांचा कार्यक्रम जाहीर केला. आपल्याकडचे दुपारचे साडेतीन. ग्रुपवर अंदाजांचा पाऊस पडला, आणि त्या भरात रंजिताने लिहून टाकलं, 'या वेळीही मिरची आली नाही, तर मी माझं शेत कायमचं पुसून टाकीन.'

लिहिलं आणि लगेच पस्तावली. पुसायला गेली, तर ग्रुपच्या अॅडमिनने तोवर ते वाक्य सगळ्यांत वर डकवलं होतं. खाली तीनशे टाळ्या. अकरा गाईंचा जीव आता एका भाजीवर टांगला गेला.

कार्यक्रमाच्या दुपारी फाल्गुनी आली. नंदुरबारच्या बाजारातल्या पारसमलजींच्या कापड दुकानाची ही धाकटी सून ग्रुपमधली रंजिताची एकुलती एक शेजारीण होती. स्कूटीवर बारा किलोमीटर आली ती शेव-पापडीची पिशवी घेऊन. कार्यक्रम टीव्हीवर लावला. फाल्गुनीने मोबाइल धरून रंजिताचा चेहरा ग्रुपवर थेट दाखवायला सुरुवात केली. असं करायची पद्धतच आहे. घोषणा ऐकताना माणूस कसा ओरडतो, हे बघायला लोक जमतात.

"भाभी, तोंड जरा हसरं करा. चारशे लोक बघतायत."

"अगं, माझं शेत फासावर चढलंय अन् हसू काय?"

कोपऱ्यातल्या खाटेवर आप्पा पेपर वाचत होते. सासऱ्यांसमोर ओरडायची रंजिताला सवय नव्हती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ठरवलं, आनंद झालाच तर हळू करू.

पहिली चाळीस मिनिटं काळ्या टी-शर्टातला एक माणूस येऊन भलतंच काही दाखवत राहिला. मासे पकडणारी मांजर. तलवारींची लढाई. पुन्हा मांजर. ग्रुपवर शिव्यांची लाखोली सुरू झाली. 'मांजराला घाला पाण्यात!' नागपूरच्या कोणीतरी लिहिलं, 'मिरचीताई, गाईंना शेवटचं पाणी पाजा.'

आणि मग हिरवा डोंगर आला. ओळखीचं संगीत. कोमोरी व्हॅली, भाग दुसरा. एक शेतकरीण वाकली, झाडाला हात घातला, आणि टोपलीत पडली लाल, लांब, टोकाशी वाकडी मिरची.

"उनी! उनी व माय, मिरची उनी!"

मिरची आली, असं अहिराणीत ओरडत रंजिता उठून उभी राहिली होती. पदर खांद्यावर आला होता. आप्पांचा पेपर खाली. शेव सगळी गालिच्यावर.

"काय उनी?" आप्पांनी विचारलं.

"मिरची, आप्पा! जपानमा!"

आप्पा चष्मा लावून टीव्हीसमोर येऊन बसले. मोबाइलवर 'मिरचीताई जिंदाबाद' झळकत होतं. तेवढ्यात गेमच्या पडद्यावर ती शेतकरीण मिरची वाळवायला निघाली. तिने सात मिरच्या एका दोऱ्यात ओवल्या. खाली एक लिंबू ओवलं. वर एक काळा बिब्बा. ती माळ कोठाराच्या दाराला टांगली, आणि पाटी आली: 'लिंबू लावल्यास मिरची दोन दिवसांत वाळते.'

आप्पांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"हाई काय शे?" आप्पा म्हणाले. "लिंबू लाईसन कोन सुकाडस मिरची? येडा शेतस का त्या?"

रंजिताचं तर डोकंच फिरलं. गेमवर इतका जीव टाकणाऱ्या लोकांना ती नेहमी समजवायची, 'अरे, खेळच आहे, एवढं काय!' तीच आता मोबाइलकडे बोट रोखून बोलत होती. "ही दृष्टीची माळ आहे! नजर लागू नये म्हणून दाराला बांधतात ती! पथारी कुठाय? हे त्यांना सांगितलं कोणी? ज्याने सांगितलं ना, त्याने समोर यावं. खानदेशच्या मिरचीची लाज काढली!"

ग्रुप पेटला. पाच मिनिटांत शोध लागला, की धुळ्याच्या बँकेत कॅशियर असलेल्या चंदननेही मागे कंपनीला पत्र पाठवलं होतं. 'चंदनभाऊ, लिंबू किती किलो पाठवलं?' तो बिचारा लिहीत होता, 'मी बैलाबद्दल लिहिलं होतं हो, बैलाबद्दल!' कोणी ऐकेना.

चहा घेऊन शोभाबाई, म्हणजे रंजिताच्या सासूबाई, आत आल्या. टीव्हीवर तेच दृश्य पुन्हा दाखवत होते. त्या ट्रे हातात धरूनच थांबल्या.

"व माय! हाई ते आपला खळाना दार शे!"

सगळ्यांनी पाहिलं. खळ्यावरच्या खोलीचं निळं दार. त्यावर शुभ उजवीकडे, लाभ डावीकडे. हेमराजने पंधरा वर्षांपूर्वी घाईत उलटं रंगवलेलं. असं दार अख्ख्या पंचक्रोशीत दुसरं नव्हतं. तीन पानी पत्राला जोडलेला तो फोटो रंजिताला आता लख्ख आठवला.

तिला पथारीचाच फोटो पाठवायचा होता. पण शोभाबाईंनी काढू दिला नव्हता. विकली जाईपर्यंत पथारीचा फोटो काढू नये, माल मोजू नये, 'बरीच निघाली' असं तोंडाने म्हणू नये. नजर लागते. म्हणून खळ्याच्या दाराला टांगलेल्या माळेतल्या घरच्या लाल मिरच्यांचा फोटो तिने पाठवला होता. फोटोखाली एक ओळही लिहिली नव्हती. पत्र आहे की! तीन पानं आहेत की! ती तीन पानं, दोनदा घातलेल्या शास्त्रीय नावासकट, जपानात कोणी वाचली नव्हती. फोटो मात्र बिब्ब्यासकट बारकाईने पाहिला होता.

"भाभी," फाल्गुनी कुजबुजली. तिचा अंगठा मोबाइलवर होता. "आई बोलायच्या आधीच मी लाइव्ह बंद केलं. कोणाला काही कळलेलं नाही."

रंजिताने चहा घेतला. मग गालिच्यावरची शेव वेचली, एकेक. मग कोणी न सांगता पितळी डबे घासायला काढले. मिरची आली होती, शेत वाचलं होतं, गाई सुरक्षित होत्या. गप्प बसलं की मिरचीताई ही मिरचीताईच राहणार होती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या एका शब्दावर कुठेतरी पीक लागलं होतं, तेही परदेशात, आणि तेवढ्यात कबुली द्यायची? ओट्यावरचा मोबाइल दर मिनिटाला थरथरत होता. चौथा डबा घासताना तिने वाकून त्यात पाहिलं. चंदनने ग्रुप सोडला होता.

डबा तसाच ठेवून, साबणाच्या हाताने तिने ग्रुपवर आवाज पाठवायचं बटण दाबलं.

"मी रंजिता बोलतेय. ज्याने समोर यावं असं मी म्हणत होते ना, ती मीच आहे. फोटो माझा, दार माझं, लिंबूही माझंच. आमच्याकडे पथारीचा फोटो काढत नाहीत, म्हणून मी माळेचा पाठवला. बी.एस्सी. बॉटनी, फर्स्ट क्लास. चंदनभाऊंना कोणीतरी परत आणा. त्यांचा बैल खरा होता."

 हसण्याच्या चिन्हांनी ग्रुपचा पडदा भरून गेला. अॅडमिनने तिचं नाव बदलून 'लिंबूताई' केलं. चंदन परत आला आणि त्याने एवढंच लिहिलं, 'ताई, बैलाचा फोटो मी नीट पाठवला होता, तरी त्यांनी म्हैस काढली आहे.'

आप्पा मागे उभे होते, सगळं ऐकत. ती पदर सावरत वळली.

"त्यास्ले परत लिख," आप्पा म्हणाले. "पथारी कशी ऱ्हास ते नीट लिख. कितला दिन, कितला येळा परतनी, बठ्ठं. माले इचार, मी सांगस. पन तू लिख. तुले लिखता येस."

एकवीस वर्षांत आप्पांनी शेतीतलं काम तिच्यावर टाकलं ते हे पहिलं. तिने तोच डबा पुन्हा घासायला घेतला.

"अन् फोटू?" तिने हळूच विचारलं.

दोघांनी शोभाबाईंकडे पाहिलं. त्यांनी बराच वेळ तोंडातली सुपारी घोळवली. तीस एकराला लागणारी नजर आणि सुनेची अब्रू यांत कोणाचं पारडं जड, याचा हिशोब त्यांच्या कपाळावर दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पथारीवर गेल्या, मधोमध मिरच्या बाजूला सारून जागा केली, गालाला काजळाचा टिक्का लावला आणि फतकल मारून बसल्या.

"काढ आते. नजर लागनी ते माले लागी, मिरचीले नही." मग पदर नीट करत त्यांनी मान वर केली. "अन् खाले माय, नाव लिख मन्हं. नही ते त्या माले बी टांगतीन दारले."