सात नंबरचं मत

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझ्यासारख्याचं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मी चढलो तेव्हाही बराच काळ दारातच उभा असल्यासारखा वावरलो. तरी लिहितो आहे. कारण ही गोष्ट मी सहा वर्षं कुणालाही सांगितली नाही — आईला नाही, बाबांना नाही, आणि ज्यांचं वाईट केलं त्या दाणीकाकांना तर नाहीच. मागल्या रविवारी ती पहिल्यांदा तोंडातून निघाली. तेव्हापासून इतकं हलकं वाटतं आहे की त्याचीच थोडी लाज वाटते.

मी चोरी केली नाही. कुणाला मारलं नाही. मी फक्त काही चिठ्ठ्या लिहिल्या. असं म्हटलं की किती लहान वाटतं, नाही? सहा वर्षं मी स्वतःला हेच म्हणत आलो.

दाणीकाका म्हणजे वामनराव दाणी. जबलपुरात ज्या कारखान्यात बाबा टर्नर आहेत, तिथल्या कामगार युनियनचे ते अध्यक्ष होते. बाबांचे जुने दोस्त. शिक्षण सातवी. पण गेटवर जेवणाच्या सुट्टीत बोलायला उभे राहिले की डबे उघडे राहायचे आणि लोक खायचं विसरायचे. उंचीने ठेंगणे, म्हणून एका लाकडी पॅकिंगच्या पेटीवर चढून बोलायचे. ती पेटी आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात असायची. सभा असली की बाबा ती सायकलच्या कॅरिअरला बांधून न्यायचे.

माझा कॉलेजचा फॉर्म त्यांनीच भरायला लावला. बाबांना कॉलेजच्या ऑफिसात जायची भीती वाटायची — मलाही. काकांनी मला सायकलवर डबल सीट नेलं आणि कारखान्याच्या खाकी कपड्यांतच खिडकीसमोर माझ्या मागे उभे राहिले. बाबूने विचारलं, "आप कौन?" काका म्हणाले, "अध्यक्ष." कशाचे ते सांगितलं नाही. बाबूने मुकाट्याने फॉर्म घेतला.

मी दुसऱ्या वर्षाला असताना पाकिस्तानशी लढाई झाली. कारखाना रात्रंदिवस चालू लागला. साहेबांच्या बैठकीत काकांनी सांगून टाकलं — लढाई असेपर्यंत आमच्या माणसांना साप्ताहिक सुट्टी नको. सभा घेतली नाही, कुणाला विचारलं नाही. त्यांना वाटलं, यात विचारायचं काय? लढाई काही आठवड्यांत थांबली, पण सुट्टी परत आलीच नाही. दसरा गेला. दिवाळी गेली. माणसं बारा-बारा तास खपून घरी यायची आणि बायका विचारायच्या, तुमचे अध्यक्ष आज काय म्हणाले?

कुणीतरी त्यांच्या सायकलच्या हँडलला एक कॅलेंडर अडकवलं, सगळे रविवार कोळशाने काळे केलेलं. मागून लोक ओरडले, "अध्यक्षजी, छुट्टी खा गए, अब कैलेंडर भी खा लो!" काका ते तसंच लटकवून घरी घेऊन गेले आणि भिंतीला लावलं. बाबांना म्हणाले, "चांगलं आहे रे मुकुंदा, तारखा तर बरोबर दिसून राहिल्या."

त्याच हिवाळ्यात वर्क्स कमिटीची निवडणूक होती. साहेबांसमोर बसून बोलायला कामगार आपली माणसं निवडून देतात, ती. अध्यक्षांची खुर्ची त्या वर्षी निवडणुकीत नव्हतीच. पण उमेदवार उभे राहायचे ते त्यांच्याच नावावर, आणि त्यांच्या पॅनेलमध्ये या वेळी बाबा होते. आयुष्यात पहिल्यांदा.

आणि नेमकं तेव्हाच आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी वर्गात सांगितलं की परदेशात राष्ट्राध्यक्ष लोकांना आवडतो की नाही, हे दारोदार विचारतात. तो स्वतः उभा नसला तरी त्याच्यावरचा राग त्याच्या पक्षाच्या उमेदवारांवर निघतो का, याचा त्यावरून अंदाज बांधतात. असं काही तुम्ही आपल्या भागात करून पाहा, म्हणाले. मी हात वर केला. मी — वर्गात कधी खोकलोही नव्हतो.

आमच्या लाइनीपासून अधारतालच्या बाजूपर्यंतची साठ क्वार्टरं मी निवडली. चिठ्ठीवर घर नंबर आणि एकच प्रश्न: अध्यक्षांच्या कामावर तुम्ही खूश आहात की नाराज? सुरुवात शेवटच्या नंबरांकडून केली. पहिल्या दारावर एका बाईने मला भाजीवाला समजून परत पाठवलं. तिसऱ्या दारावर एक माणूस गंजीफ्रॉकवर बाहेर आला. "काहून रे, तू मुकुंदाचा पोरगा ना? बापाने पाठवलं का दाणीने?" मी कॉलेजचं सांगू लागलो. तो आत ओरडला, "ऐकलं का, आता कॉलेजात आपल्या नाराजीची परीक्षा होऊन राहिली!" आतून बायका हसल्या. माझे कान तापले.

दोन संध्याकाळी मिळून अकरा दारं झाली. अकरा! त्यानंतर दार दिसलं की माझा हात उचलेना. तुम्हाला असं कधी झालं आहे का? माणसं तीच, ओळखीची, लहानपणी ज्यांच्या अंगणात पतंग पाडला ती — आणि मला त्यांच्या दाराची कडी वाजवता येईना.

तिसऱ्या दिवशी मी अधारतालच्या रस्त्यावरच्या पुलियावर, नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर, बसलो आणि उरलेल्या एकोणपन्नास चिठ्ठ्या स्वतःच भरल्या.

हे लिहिलं. आता पुढचं लिहितो.

बहुतेक चिठ्ठ्यांवर मी 'नाराज' लिहिलं. चहाच्या टपरीवर जे ऐकायचो तेच लिहितो आहे, असं मनात म्हणत होतो. पण मग काही चिठ्ठ्यांवर 'खूश' का लिहिलं? खरं वाटावं म्हणून. मधेच पेन्सिल का बदलली? अक्षर डावीकडे का झुकवलं? माझ्यात इतकी हुशारी आहे हे मला त्या पुलियावर कळलं. आणि घरं-नंबर सगळं जुळवून सरांसाठी जो कागद केला, त्याच्या शेवटी मी एक वाक्य लिहिलं, जे विचारलेल्या अकरा जणांनीही मला सांगितलं नव्हतं — 'यावरून अध्यक्षांचे उमेदवार या निवडणुकीत पडतील.' मत कुणाला देणार, हे मी एकाही दारावर विचारलेलं नव्हतं.

सरांनी तो कागद वर्गात वाचून दाखवला. माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, त्या वर्गात पहिल्यांदा कुणी घेतलं. बाजूला बसणारा शुक्ला म्हणाला, "यार, ज़रा देना, उतार लूँ." त्याचा मोठा भाऊ दुसऱ्या पॅनेलमध्ये आहे, हे मला माहीत होतं. तरी उतरवून घ्यायला दिला. कौतुकाच्या दिवशी कोण नाही म्हणतं?

चार दिवसांत गेटवर पर्चा वाटला गेला. 'कॉलेज की जाँच: अध्यक्ष से जनता नाराज़.' बाबा तो घरी घेऊन आले. मला वाटलं, आता मार बसणार. पण बाबांनी चष्मा लावला आणि आईला पूर्ण पर्चा वाचून दाखवला, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून. रागावले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. त्यांच्याच पॅनेलविरुद्धचा पर्चा, आणि ते म्हणाले, "पोराने कॉलेजात शिकून काढलंय. खोटं कसं असेल?"

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तो एक क्षण होता. आई पोळ्या करत होती, बाबांचं बोट अजून पर्च्यावर होतं. मी पाणी प्यायला उठलो.

दुसऱ्या दिवशी आमच्या व्हरांड्यात पॅनेल बसलं. ठरलं की आपल्या पर्च्यावर दाणींचं नाव नको आणि गेटच्या सभेला ते यायला नकोत. सांगायला बाबा स्वतः गेले.

मग एका सकाळी काका आमच्याकडे आले. बाबा कामावर होते. त्यांनी मला सगळा कागद वाचायला लावला. ऐकून घेतलं. रागाचा एक शब्द नाही. फक्त म्हणाले, "मेहनत केली रे. साठ घरं म्हणजे पायांचे तुकडे. बरं, सात नंबरवाला काय म्हणाला?"

"नाराज आहेत, काका."

"अच्छा," ते म्हणाले. पेटीवर दोन मिनिटं बसले आणि सायकल घेऊन गेले.

दोन दिवसांनी मी सात नंबरवरून गेलो. दाराला कुलूप. कुलपावर धूळ, कडीला जाळं. शेजारणीला विचारलं तर म्हणाली, ते तर दसऱ्यालाच बदली होऊन गेले, दाणीच त्यांना स्टेशनवर सोडायला गेले होते.

म्हणजे त्यांना कळलं होतं. पेटीवर बसले तेव्हाच.

मी वाट पाहिली. आज बोलतील, उद्या बोलतील. ते कुणालाच काही बोलले नाहीत. सभेच्या दिवशी बाबा त्या पेटीवर चढले. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मुकुंद भैया, पेटी तो ले आए, पेटीवाले को कहाँ छोड़ आए?" अख्खं गेट हसलं. ज्यांनी कॅलेंडर लटकवलं होतं, तेच सगळ्यात जास्त हसत होते. बाबांना पुढचं भाषण आठवेना. निवडणुकीत पूर्ण पॅनेल पडलं. माझा अंदाज खरा ठरला म्हणून सरांनी माझी पाठ थोपटली. तो हात मला आजही जाणवतो.

काकांनी अध्यक्षपद सोडलं. पुढच्या वर्षी निवृत्त होऊन शहरातल्याच घमापुरात भाड्याच्या घरात राहायला गेले. बाबांचं आणि त्यांचं बोलणं बंद झालं. पेटीवर आईने तुळशीची कुंडी ठेवली. मी बी. ए. झालो, सिहोऱ्याच्या शाळेत शिकवायला लागलो, आणि यंदा पुन्हा एम. ए. ला नाव घातलं. विषय तोच. फॉर्म भरताना हात थांबला होता, पण भरला.

यंदा पुन्हा लढाई झाली. पुन्हा ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळे कागद लागले. ती संपली, आणि मागच्या रविवारी बाबांना पहिली सुट्टी मिळाली. भर दुपारी आम्ही दोघं काचांवरचे कागद ओल्या फडक्याने खरवडत होतो. एका तावदानातून ऊन सरळ बाबांच्या चेहऱ्यावर पडलं आणि मी म्हणालो, बाबा, त्या साठांतल्या मी अकराच चिठ्ठ्या विचारून भरल्या होत्या.

बाबांनी फडकं पिळलं. पुढची काच घेतली. अर्धी झाल्यावर बोलले. मला वाटलं होतं ते माझ्याबद्दल बोलतील.

"दाणी आला होता माझ्याकडे. सभेच्या आधी. स्वतः साठही दारं फिरून आला होता. म्हणाला, मुकुंदा, लोक नाराज आहेत हे खरं, दारात उभं करून शिव्या घातल्या मला. पण मी पुढचं विचारलं, की मत कुणाला? तर म्हणतात, तुमच्याच माणसांना, अजून कुणाला देणार. मला पेटीवर चढू दे, म्हणाला."

"मग?"

"मी म्हणालो, माझा पोरगा कॉलेजात शिकतो. तू सातवी."

सहा वर्षं ते वाक्य बाबांनी एकट्याने ठेवलं होतं, आणि मी माझ्या चिठ्ठ्या. एकाच घरात, ताटाला ताट लावून. माझ्यामुळे ते वाक्य त्यांच्या तोंडून निघालं. माझ्या खोटेपणावर विश्वास ठेवून त्यांनी आपला दोस्त गमावला. याला भीती म्हणू, वय म्हणू, काहीही म्हणू — मी केलं ते मी केलं. काकांवर लोकांचा राग होता तो खराच होता. त्याने त्यांचे उमेदवार पडले नसते. त्यांना आम्ही सोडलं म्हणून सगळे पडलो, आणि सोडायचं कारण मी पुलियावर बसून लिहिलं होतं.

बाबांनी हात धुतले, स्वेटर घातला, तुळशीची कुंडी उचलून खाली ठेवली आणि पेटी सायकलला बांधली. आई म्हणाली, "अहो, घमापूरला पेटी कशाला?" ते म्हणाले, "त्याची आहे."

मी बरोबर गेलो नाही. जायला हवं होतं. हेही लिहून ठेवतो.

ऊन उतरायच्या आत ते परत आले. पेटी नव्हती. सायकल भिंतीला टेकवताना त्यांचे खांदे हलताना दिसले. मग कळलं, ते हसत होते. काकांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि आपल्या सुनेला हाक मारली — "ये ग सूनबाई, तुला सांगत होतो ना, कारखान्यात माझ्यावर असा राग होता की सात नंबरच्या कुलपानेही माझ्याविरुद्ध मत दिलं होतं? ते मत ज्याने नोंदवलं, त्याचा बाप आला आहे."