पाखरांच्या वाटणीचा दोरा

मी तांडा सोडला त्या पहाटेचे फोटो कुणाला दाखवण्यासारखे नाहीत. ओसरीवरचा बल्ब लावायचा नाही, अशी याडीची सक्त ताकीद होती. बल्बच्या वायरीला शिंजीर पाखराने घरटं टांगलं होतं आणि आत पिल्लं होती. पोरगी परदेशी निघाली तरी घर अंधारात चाचपडत होतं. बांनी माझी बॅग समजून सरकीच्या ढेपेचं पोतं ऑटोत चढवलं आणि ते उतरवताना सगळ्यांवर चिडले. दादाने मोबाइलवर फोटो काढले, त्यात आमचे दात तेवढे दिसतात. उमरखेडच्या स्टँडवर नागपूरची एसटी लागली तेव्हा कुठे उजाडलं आणि एकमेकांची तोंडं नीट दिसली. याडी खिडकीशी आली. ती काहीतरी मोठं बोलेल म्हणून मी कानात प्राण आणून बसले होते. ती म्हणाली, "पोचली का फोन करजो. अन् तिथी पाखरं कोनती हायेत ते सांगजो."

याडी म्हणजे आम्हा बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. घरात आम्ही गोरबोलीच बोलतो, पण इथे तिचं बोलणं मी वऱ्हाडीत लिहिते आहे, म्हणजे तांड्याबाहेरच्यांनाही कळेल. आणि लिहिते आहे ते तांड्यावर राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी, आणि पुण्याला, सुरतेला, दुबईला पांगलेल्या आपल्या पोरापोरींसाठी. आपली माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अख्खा मुलूख हिंडली, असं म्हातारे मोठ्या तोऱ्यात सांगायचे. मग त्यांच्या नातीला अबुधाबीला विमान बदलताना हुंदके का आवरेनात, हे मात्र कोणी सांगून ठेवलं नाही.

मी नर्स आहे. यवतमाळला शिकले, काही वर्षं नागपुरात नोकरी केली आणि मग आयर्लंडच्या पश्चिमेला, समुद्राजवळच्या एका छोट्या गावात आले. इथल्या कॅलेंडरवर फेब्रुवारी लागला की वसंत लागतो. बाहेर हात गोठतात, पाऊस आडवा येतो, आणि माझ्या वॉर्डातले आजोबा खुशाल सांगतात, "स्प्रिंग आला." पहिल्या वर्षी मला वाटलं, ते माझी थट्टा करताहेत. मग गवतातून डॅफोडिलची पिवळी फुलं वर आली आणि मला गप्प बसावं लागलं. छान असतात ती, खोटं कशाला बोलू? पण त्यांच्याकडे बघताना माझं मन आपल्या नाल्याकाठच्या पळसाकडे धावतं. पानं झडलेली, ऊन रणरणायला लागलेलं, आणि काळ्या फांद्यांवर ती केशरी फुलं. पहाटे मोहाच्या झाडाखाली तो गोड, जड वास. आंब्याच्या मोहोरावर माश्यांची गुणगुण. गोधडीतला कापूस चोरून नेणारी खार, आणि तिच्या मागे चप्पल घेऊन धावणारे बा. खार कधीच सापडली नाही, चप्पल मात्र एकदा विहिरीत गेली.

फागुन लागला की कापूस, तूर घरात आलेली असायची आणि याडीला दुपारी थोडी उसंत मिळायची. तेव्हा ती ओसरीवर फेटिया घेऊन बसायची. फेटिया म्हणजे आपल्या बायकांचा तो घेरदार घागरा. त्यावर आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्याचं भरतकाम. तिच्याजवळ एक पितळी डबा होता. त्यात तिच्या आजीपासूनच्या कवड्या, जुने आरसे, भोक पाडलेली नाणी, आणि आम्ही रानातून आणून दिलेल्या लालभडक गुंजा. तो डबा मांडीवर घेऊन नुसता हलवायला मिळाला, तरी माझी दुपार सोन्याची व्हायची. डब्यातलं काही हरवलं तर मात्र याडी जेवण सोडून ते शोधत बसायची.

आता जे सांगते ते बाहेरच्या माणसाला खोटं वाटेल, पण तांड्यावरच्या सगळ्यांनी पाहिलेलं आहे. भरतकामातला उरलेला दोरा याडी कधी टाकत नसे. तो बोटाच्या पेराएवढा तोडायचा, त्याहून लांब चालायचा नाही, आणि अंगणाच्या बोराटीच्या कुंपणावर एकेका काट्याला अडकवायचा. ही पाखरांची वाटणी. "लांब दोरा पिलाच्या पायाले गुतते," ती म्हणायची. मी एकदा घाईत बोटभर दोरे अडकवले, तर तिने मला ते सगळे काढून, तोडून, पुन्हा लावायला लावले. मग शिंजिराची मादी यायची. नर आपला काळा-जांभळा चमकत फांदीवर बसून गाणार, आणि काम सगळं ही करणार. यावर तांड्यातल्या बायका काय काय बोलायच्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही. गवताच्या काड्या, कोळ्याचं जाळं, झाडाच्या सालीचा भुगा आणि आमचे दोरे, असं करत ती एक लोंबती पिशवी विणायची. तिच्या दाराला वर छोटं छप्परसुद्धा असायचं.

पिल्लं उडून गेली आणि घरटं ओस पडलं, की याडी ते अलगद उतरवून बिस्किटांच्या मोठ्या डब्यात ठेवायची. त्या वर्षी तिने जे शिवलं, त्याचे रंग त्या घरट्यात असायचे. दादाच्या लग्नाच्या साली मावशीसाठी केलेल्या कांचळीचा, म्हणजे आरसे लावलेल्या चोळीचा, हिरवा. मी नर्सिंगला लागले तेव्हाचा पिवळा. जत्रेतून आणलेली खेळणी मुलं बघतात, तशी मी ती घरटी पुन्हा पुन्हा बघायचे. बा गेले त्या वर्षी याडीने सुईला हात लावला नाही. पाखराने घरटं केलंच, पण ते नुसतं मातकट. तेही तिने जपून ठेवलं आहे.

बा गेल्यावर ती घरात एकटी राहिली. दादा नाशिकला कंपनीत. शेत वाट्याने दिलेलं. मी दर रविवारी फोन करायचे आणि ती मला सांगायची, गाय व्याली, मोहोर कमी आला, शिंजिरानं यंदा बल्ब सोडून दोरीला घरटं बांधलं. मी विचारायचे, इकडे कधी येतेस? ती म्हणायची, "पिलं उडू दे." पिल्लं उडाली की पेरणी, पेरणी झाली की डवरणी. एका हिवाळ्यात तिला ताप आला आणि शेजारच्या बाईला दोन दिवस पत्ताच नव्हता. ते ऐकून माझी झोप उडाली. मी आणि दादाने परस्पर ठरवून टाकलं: घराला कुलूप लावायचं, याडीने अर्धं वर्ष नाशिकला आणि अर्धं माझ्याकडे राहायचं. आधी तिला फिरायला म्हणून इथे आणायचं. एकदा रुळली, की कुलपाचं सांगायचं.

यंदा जानेवारीत ती आली. फेटियावर स्वेटर, स्वेटरवर माझा रेनकोट, अशी ती आमच्या गावच्या रस्त्यावरून चालायची आणि गाड्या हळू व्हायच्या. तिच्या हातावरच्या गोंदणाकडे बघत सुपरमार्केटमधली पोरगी बिल करायचं विसरली. याडीला इथलं दूध आवडलं, भाकरीचं पीठ आवडलं नाही, आणि सूर्याबद्दल तिने जे मत दिलं ते मी कोणाला सांगितलं नाही. पण मी ड्युटीवरून घरी यायचे तेव्हा खिडकीत उजेड असायचा, घरात लसणाच्या फोडणीचा वास असायचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कुलूप न उघडता घरात शिरत होते. ती कधी जाऊच नये असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं.

माझ्या घरामागे एक हॉथॉर्नचं झाड आहे, काटेरी, बोरीच्या चुलतबहिणीसारखं दिसणारं. याडीने भरतकाम सोबत आणलं होतं. ती खिडकीशी बसून शिवायची, आणि तिथे एक रॉबिन यायचा, तांबड्या छातीचा, धीट. तिने त्याला ओळखीचं मानून टाकलं. फागुन लागला तसे तिने पेराएवढे लाल दोरे तोडले आणि त्या झाडाच्या काट्यांना अडकवले. उघड्या फांद्यांवर ते लांबून दिसायचे.

मग एका रविवारी सकाळी दारावर शेजारच्या मॉरीनबाई. ऐंशीच्या घरातल्या, आमच्या बोळातलं सगळ्यात जुनं माणूस. हातात ताटलीभर गरम ॲपल पाय आणि आवाज अगदी हळू. "तुमच्याकडे कोणी आजारी आहे का?" मला काही कळेना. त्यांनी झाडाकडे बोट केलं. त्यांच्या लहानपणी घरात कोणाला दुखणं आलं की त्याच्या कपड्याची चिंधी पवित्र विहिरीजवळच्या हॉथॉर्नला बांधायचे. चिंधी झिजेल तसं दुखणं झिजतं, अशी समजूत. हे लाल दोरे बघून त्या आठवडाभर काळजीत होत्या. मी हसत हसत सगळा उलगडा केला. त्याही हसल्या, म्हणाल्या, "मग आमचा रॉबिन यंदा भारी कपडे घालणार." आणि ताटली माझ्या हातात देऊन गेल्या.

मी आत येऊन याडीला सगळं सांगितलं. तिला हसू येईल असं वाटलं होतं. तिने सुई कापडात टोचून ठेवली.

"बिमार असन तं बांधतेत?"

"हो."

"मंग बराबर समजलं तिले."

झालं, मी नर्स. लगेच तिचं मनगट धरलं, बीपीचं मशीन काढलं, छातीत दुखतं का, चक्कर येते का, कधीपासून, सगळं विचारून झालं. बीपी माझ्यापेक्षा चांगलं निघालं. तिने माझा हात बाजूला केला.

"कायले मशिनी लावून राह्यली? दुखत काई नाई. फागुन लागला, तांड्यावर होळीची लेंगी गानी म्हनून राह्यले असतीन, अन् मी इथी बसली. मले करमत नाई, पोरी."

मी मशीन गुंडाळून ठेवलं. तीच पुढे बोलली. "दादानं फोनवर सांगतलं मले. कुलूप लावतो म्हने."

दादाच्या पोटात काही राहत नाही. मी वैतागून म्हटलं, "याडी, आता तिथे आहे कोण तुझं? रात्रीबेरात्री काही झालं तर? इथे मी आहे, डॉक्टर आहेत. तिथे नुसत्या भिंती आहेत."

ती जराही रागावली नाही. लहानपणी हिशेब चुकला की ज्या सुरात समजवायची, त्याच सुरात म्हणाली, "तुले सुट्टी भेटते तवा तू कोठी जातस?"

"घरी."

"भिंतीकडं येतस का? मी असतो म्हनून येतस. मीबी इथी येऊन बसली, तं तुले जायले जागा कोठी राह्यली? अन् मले कोठी? दोघीबी निंगालो तं घर कोनाचं? एकीनं तं घरी राह्यलं पाह्यजे ना."

मी उठून भांडी घासायला गेले. खरं सांगायचं तर मला तिचा रागच आला. रात्रीचे फोन घेताना माझं काळीज कसं धडधडतं, हे तिला माहीत नाही का? पण भांडी घासता घासता मला एक गोष्ट कळली आणि ती मी तुम्हा दूर गेलेल्यांना मुद्दाम सांगते. इतकी वर्षं मी पळस, मोह, शिंजीर आठवत ऐटीत रडत आले. हे रडणं मला परवडत होतं, कारण त्या अंगणात रोज सकाळी कोणीतरी झाडत होतं, पाणी ठेवत होतं, दोरे तोडत होतं. माझ्या आठवणींची राखण ती करत होती, एकटी, आणि तापातसुद्धा. आम्ही तिला तिच्या भल्यासाठी तिथून उचलायला निघालो होतो, आणि तसं केलं असतं तर मी कायमची बाहेरची झाले असते.

दुपारी दादाला फोन केला. कुलपाचं रद्द. त्याऐवजी शेजारच्या काकूची थोरली सून रोज सकाळ-संध्याकाळ डोकावेल, असं त्याने लावून दिलं. याडीने कुरकुर केली, मी ऐकलं नाही. एवढं माझं तिने मानलं. मग मी तिचं परतीचं तिकीट होळीच्या आधीचं करून घेतलं. तिने लगेच बॅग काढली, आणि मला फार वाईट वाटलं, कारण ती गुणगुणत होती.

परवा ती गेली. आज पहाटे रात्रपाळी संपवून आले, खिडकीत अंधार होता, कुलूप मीच उघडलं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खूप रडले. मग तिचा फोन आला. मागे कोंबड्या, कोणीतरी हाक मारतंय, आणि ती ओरडून विचारत होती, "कवा येतस?"

आणि मला सांगता आलं, "दिवाळीला. घरी."